खेळाडूंचा निषेध : एका वादाचा अर्थविचार

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानावर २०१६ साली उद्भवलेला वाद वरवर पाहता खेळाडूच्या कर्तव्याविषयीचा वाटतो. वस्तुतः तो एका चिन्हाच्या अर्थाविषयीचा वाद होय. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाचा कॉलिन केपर्निक हा त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला. कृष्णवर्णीयांवरील अन्याय व पोलिसांचे अत्याचार हे त्याने त्याचे कारण सांगितले. नेट बॉयर या माजी सैनिकाशी विचारविनिमय झाल्यानंतर, १ सप्टेंबर रोजी, त्याने व त्याचा सहकारी एरिक रीड याने बसण्याऐवजी एक गुडघा टेकला. रीडने पुढे २०१७ साली या मुद्रेस शोकप्रसंगी अर्ध्यावर उतरविलेल्या ध्वजाची उपमा दिली.

चिन्हाचा अर्थ संकेताने ठरतो, हा भाषाविज्ञानातील मूलभूत सिद्धांत आहे. मराठीत 'गुडघे टेकणे' म्हणजे शरण जाणे. ख्रिस्ती उपासनेत ती प्रार्थनेची मुद्रा. त्याच फुटबॉलच्या मैदानावर ती जखमी खेळाडूविषयीच्या आस्थेची खूण. यांपैकी एकाही अर्थात बंड नाही. बंडाचा अर्थ आला तो प्रसंगामुळे, म्हणजे इतर सर्व उभे होते म्हणून.

या कृतीस जे नाव मिळाले ते अधिक विचारणीय आहे. इंग्रजीत 'नॅशनल अँथेम प्रोटेस्ट' हा शब्दसमूह रूढ झाला. त्यात नामे केवळ शेजारी ठेवलेली असून त्यांचा परस्परसंबंध सांगणारा शब्द नाही. मराठीला मात्र निवड करावीच लागते : 'राष्ट्रगीताच्या वेळचा निषेध' की 'राष्ट्रगीताचा निषेध'? इंग्रजीतील ही संदिग्धता विरोधकांच्या पथ्यावर पडली. सप्टेंबर २०१७ मध्ये अलाबामा येथील भाषणात अध्यक्ष ट्रम्प यांनी ध्वजाचा अनादर करणाऱ्या खेळाडूंना संघमालकांनी काढून टाकावे, असे सुचविले. त्यानंतरच्या चर्चेत पोलिसांचा प्रश्न मागे पडला व ध्वजाचा पुढे आला.

समर्थकांचे प्रतिपादनही निर्दोष नाही. या कृतीचा ध्वजाशी काहीच संबंध नव्हता, असे त्यांच्यापैकी अनेकांनी म्हटले. तथापि आपण ध्वजाविषयी अभिमान का दर्शवीत नाही, हेच केपर्निकने आपल्या पहिल्या निवेदनात स्पष्ट केले होते. तो अंश वगळल्यास कृती निरुपद्रवी ठरते. परंतु तिची धारही जाते.

'खेळात राजकारण नको' हा आक्षेप तर स्वतःच तपासून पाहण्याजोगा आहे. संरक्षण खात्याने व्यावसायिक संघांना देशभक्तिपर समारंभांसाठी पैसे दिल्याचे सिनेटर मॅकेन व फ्लेक यांच्या २०१५ च्या अहवालाने उघड केले. तेव्हा उभे राहणे हेही एक विधानच होते. सर्वच ते करीत असल्याने ते ऐकू येत नव्हते, इतकेच. शाळकरी मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली बार्नेट खटल्यात दिला. परंतु तो शासनास बांधतो, खाजगी मालकास नव्हे. २०१६ च्या हंगामानंतर केपर्निकला एकाही संघाने घेतले नाही. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचे म्हणणे पूर्वीच न ऐकण्यात चूक झाल्याचे मान्य केले. त्या निवेदनात केपर्निकचे नाव नव्हते.

हे नवे नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस यांनी उंचावलेल्या मुठींस जगाने 'ब्लॅक पॉवर' हे नाव दिले. त्यांच्या व रौप्यपदक विजेत्या पीटर नॉर्मनच्या छातीवरील बिल्ले मात्र मानवी हक्कांसाठीच्या चळवळीचे होते, आणि स्मिथने पुढे आत्मचरित्रात आपली ती कृती मानवी हक्कांसाठीच असल्याचे सांगितले. कृती करणाऱ्याचा अर्थ व रूढ झालेले नाव यांतील हे अंतर खेळाडूस आपल्या उपजीविकेने भरून द्यावे लागते. म्हणून अशा वादाच्या अभ्यासकाने निषेध योग्य की अयोग्य हे ठरविण्यापूर्वी, तो कशाचा निषेध म्हणून सांगितला जात आहे व तसे कोण सांगत आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.