प्रयोगपट कोठे पाठवावा?

प्रयोगशील लघुपटाचा कर्ता महोत्सव निवडताना बहुधा नावलौकिकास भुलतो. आम्हां वकिलांना मात्र दावा कोणत्या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येतो, हे प्रथम पाहावे लागते. त्याच्या गुणावगुणांचा विचार त्यानंतर. महोत्सवांसही हाच न्याय लावावा, असे आमचे मत आहे.

जर्मनीतील ओबरहाउझेनचा महोत्सव १९५४ पासून लघुपटांसाठी भरतो. तेथे लघुपट हा कथापटांच्या पंक्तीतला उपरा पाहुणा नसतो. आपल्या देशात २००३ मध्ये निघालेला 'एक्सपेरिमेंटा' तर प्रयोगपटांसाठीच जन्मला. पणजीस २००४ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु कथापटांच्या त्या गर्दीत कथानकावाचूनची दहा मिनिटे किती प्रेक्षक धीराने पाहतील?

शिवाय काही महोत्सव प्रथम प्रदर्शनाचा आग्रह धरतात. तो मान एकदाच देता येतो. अयोग्य ठिकाणी तो खर्ची पडला, तर योग्य दार कायमचे बंद होऊ शकते. म्हणून प्रवेशपत्र भरण्यापूर्वी नियमावली आणि मागील वर्षांची निवड अवश्य वाचावी.

आणि एकही दार उघडले नाही तर? माया डेरेन यांनी अलेक्झांडर हॅमिड यांच्यासह १९४३ मध्ये केलेला, सुमारे १४ मिनिटांचा 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' १९४६ मध्ये न्यूयॉर्कमधील एक नाट्यगृह स्वतः घेऊन लोकांस दाखविला. कानचा पुरस्कार १९४७ मध्ये, म्हणजे त्यानंतर आला. आमच्या तरुण चित्रपटकारांनी हा क्रम ध्यानी ठेवावा.