अनुमती आणि उच्चार : युद्धकालीन निर्बंधांचे वाचन

आविष्कारस्वातंत्र्याची चर्चा मराठी समीक्षा बहुधा जप्त पुस्तकांच्या यादीपासून सुरू करते आणि तिथेच थांबते. टिळकांवरील १९०८ च्या खटल्यापुरती ही दृष्टी चालेल. बीडसारख्या निजामी जिल्ह्यात ती फोल ठरते. हैदराबाद संस्थानातील गश्ती निशाण ५३ कोणत्याही संहितेवर बोट ठेवीत नव्हती. तिने सभेला पूर्वपरवानगीची अट घातली. वाक्य उच्चारले जाण्याआधीच त्याचा प्रसंग नाकारला जाई. आणि जो प्रसंग घडलाच नाही, तो जप्तीच्या यादीत कुठून येणार?

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच, बंदी आली. ती उठली १९४६ मध्ये. दुसरे महायुद्ध या बंदीच्या पोटातच सुरू झाले आणि संपले. ब्रिटिश मुलखात १९३९ चा भारत संरक्षण कायदा अपवाद म्हणून अवतरला; बीड, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथे अपवाद हाच आधीपासून नियम होता. ज्या मोमिनाबादेत स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात उतरण्यापूर्वी शिक्षक होते, तेथील शाळेचे, किंवा ऐन युद्धात, १९४३ मध्ये, स्थापन झालेल्या मराठवाड्याच्या साहित्य परिषदेचे वर्णन ‘निव्वळ सांस्कृतिक’ असे करणे म्हणजे परवानगीसाठी केलेल्या अर्जाची भाषाच पुरावा म्हणून स्वीकारणे होय. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक संस्थानाबाहेर, पुण्याहून निघे. बंदी आली की नाव बदलून निघे. ही बदलती नावेदेखील संहितेचाच भाग मानून वाचावी लागतात.

‘युद्धकालीन’ हे विशेषण कालवाचक आहे, ही दुसरी गैरसमजूत. ती केवळ संस्थानी राजवटीपुरती नाही. ३ डिसेंबर १९७१ ची आणीबाणी पाकिस्तानशी झालेल्या युद्धासाठी पुकारली गेली. युद्ध दोन आठवड्यांत संपले. उद्घोषणा मार्च १९७७ पर्यंत जिवंत राहिली. त्या युद्धासाठी केलेल्या संरक्षण कायद्याला १९७५ मध्ये ‘अंतर्गत सुरक्षे’ची जोड मिळाली आणि वृत्तपत्रांवरील पूर्वतपासणी त्याच्याच नियमांखाली लादली गेली. त्या वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षपदावरून घेतलेल्या भूमिकेचे मोल धाडसाच्या मापाने नेहमी मोजले जाते. अनुमतीच्या व्यवस्थेत साहित्य संमेलन हा एक शिल्लक राहिलेला प्रसंग होता, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. १९७६ मध्ये ‘फ्रीडम फर्स्ट’च्या मिनू मसानी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तपासनिसाच्या अधिकाराला मर्यादा घातली. अधिकाराचे मूळ शाबूत राहिले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अंतर्गत कारणासाठी पुकारलेल्या आणीबाणीत कलम १९ आपोआप स्थगित होण्याची तरतूद काढून टाकली. युद्ध किंवा परकीय आक्रमण यांसाठी ती ठेवली.