पॉवर ग्लोव्हचं नेमकं चुकलं कुठे?

१९८९ साली अमेरिकेत मॅटेलने निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलसाठी ‘पॉवर ग्लोव्ह’ आणला. आज त्याची टिंगलच होते. मला ती अर्धीच पटते. हातमोज्यातून अल्ट्रासाउंड निघायचा, टीव्हीला लावलेले ३ रिसीव्हर तो पकडायचे. आवाज पोचायला लागलेल्या वेळेवरून हाताची जागा कळायची. बोट वाकलं की वाहक शाईचा रोध बदलायचा. मोजमाप ढोबळ होतं, मान्य. पण खेळण्याच्या किमतीत एवढं जमवणं सोपं नाही बरं का!

खरा घोळ पुढे होता. बहुतेक गेम साध्या कंट्रोलरसाठी लिहिलेले. त्यामुळे हाताच्या हालचालीतून शेवटी ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘उडी’ इतकंच उरायचं. अंगठ्याचं काम अख्ख्या हाताने करायचं, तेही हात भरून येईपर्यंत! मोजलं बरंच, वापरलं थोडंच. माझ्या मते, ग्लोव्ह तिथे हरला.