मावळांतील जमाव व आदिलशाही फर्मान (शके १५८१)

शके १५८१ मध्यें (इ. स. १६५९) अफजलखान वाईस आला तेव्हां मावळच्या देशमुखांत फूट पडली, ही गोष्ट वाचकांस सुपरिचित आहे. कारीचे कान्होजी जेधे शिवाजीमहाराजांकडे राहिले. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. या प्रसंगीं पहिल्याची स्तुति व दुसऱ्याची निंदा करून बहुतेक लेखक पुढें जातात. आमच्या मतें येथें थोडें थांबणें अवश्य आहे. युद्धसमयीं जमाव घेऊन हजर होण्याची आज्ञा झाली असतां मावळांतील लोकांनीं आपला पक्ष कशावरून ठरविला, आणि हें सांगण्यास आपल्याजवळ पुरावा कितपत आहे, या दोन प्रश्नांच्या अनुरोधानें उपलब्ध साधनांची छाननी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मुख्य साधनें तीन : कान्होजी जेध्यांच्या नांवचें अली आदिलशहाचें फारसी फर्मान, जेधे शकावली व जेधे करिना. यांपैकीं समकालीन कागद म्हणजे फर्मान. तें जून १६५९ मधील आहे. शिवाजीनें अविचारानें निजामशाही कोकणांतील मुसलमानांस उपद्रव दिला, बादशाही मुलखांतील किल्ले घेतले, म्हणून अफजलखानास तिकडील सुभेदारी देऊन पाठविलें आहे; तरी खानाच्या आज्ञेंत वागून शिवाजीचें पारिपत्य करावें, त्याच्या माणसांस थारा देऊं नये; चाकरी केल्यास सरफराजी होईल, न केल्यास परिणाम बरा होणार नाहीं, असा त्याचा आशय आहे.

हें फर्मान वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास पाहिजे. तें स्वेच्छेनें चाकरीस या असें आमंत्रण नव्हे. देशमुखाकडे परगण्याचें वतन असे, व त्या वतनाबरोबरच प्रसंग पडेल तेव्हां आपला जमाव घेऊन सरकारच्या मुलुखगिरीस जाण्याचें ओझेंही असे. तेव्हां चाकरी नाकारणें म्हणजे वतन गमावणें हें उघड आहे. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा अर्वाचीन राष्ट्रांनीं केला. तथापि सक्तीचें तत्त्व मावळच्या वतनदारास नवें नव्हतें. मात्र फर्मानावरून बादशहानें काय मागितलें तें कळतें. लोकांस काय वाटलें तें कळत नाहीं.

तें कळावें म्हणून आपण करिन्याकडे वळतों. करिन्याप्रमाणें फर्मान येतांच कान्होजी आपल्या पांचही मुलांसह महाराजांकडे गेले. खोपडे खानाकडे गेले आहेत, तुम्ही न गेल्यास वतनास अपाय होईल, असें महाराजांनीं सांगितलें असतां कान्होजींनीं वतनावर पाणी सोडलें. शहाजीराजांबरोबर आपण कैदेंत होतों, सुटका झाल्यावर त्यांनीं शपथ घेऊन आपणांस महाराजांकडे पाठविलें, ती शपथ मोडणें नाहीं, असें त्यांच्या निर्धाराचें कारण दिलें आहे. पुढें कान्होजींनीं बांदल, सिळिंबकर, पासलकर, मारणे, ढमाले वगैरे देशमुखांस एकत्र करून जमाव सिद्ध केला.

या वृत्तांताचें सार आम्ही विश्वसनीय मानतों. कान्होजींचा शहाजीराजांशीं असलेला संबंध व प्रतापगडच्या युद्धांतील मावळच्या जमावाची कामगिरी यांविषयीं संशयास जागा नाहीं. परंतु त्यांतील संवाद शब्दशः खरे धरून त्यांवर मावळच्या लोकमताची इमारत उभारणें आम्हांस मान्य नाहीं. करिना हा घराण्याचा कागद आहे. घराण्याची सेवा, मान व हक्क यांची स्मृति राखणें हा अशा कागदांचा उद्देश असतो. ज्याचा पक्ष विजयी झाला त्याच्या घरांत तो लिहिला गेला. तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेल्याची हकीकत जेध्यांच्या परंपरेनें किती जपली आहे, हें पाहिलें म्हणजे या कागदांची दृष्टि कळून येते. शकावलींत प्रसंगांच्या मित्या मिळतात, हेतूंची चर्चा नाहीं. म्हणूनच मित्यांपुरतें तिचें मोल अधिक आहे.

आतां दुसरा पक्ष. खोपड्यांचें म्हणणें खोपड्यांच्या तोंडून सांगणारा करिना आपल्यासमोर नाहीं. त्यांच्याविषयीं जें कळतें तें बव्हंशीं प्रतिपक्षाच्या लेखणींतून. कान्होजींच्या रदबदलीवरून महाराजांनीं खंडोजीस जीवदान दिलें, पण त्याचा एक हात व एक पाय तोडविला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. शिक्षेच्या कठोरपणावरून फुटीचें गांभीर्य समजतें. परंतु त्यावरून खंडोजीचा हेतु केवळ लोभ होता असें अनुमान निघत नाहीं. आदिलशाही चाकरी हीच त्या काळीं कायदेशीर चाकरी होती. कान्होजींनीं एक शपथ राखण्यासाठीं बादशाही आज्ञा मोडली. खंडोजीनें ती आज्ञा पाळली. दोघांपुढें प्रश्न एकच होता : आपला जमाव मागण्याचा अधिकार कोणाचा? स्वराज्याच्या उभारणीच्या दृष्टीनें कान्होजींचें उत्तर श्रेष्ठ ठरलें, हें आम्हांसही मान्य आहे. पण त्यांचें मोठेपण दाखविण्यास खंडोजीस निव्वळ हरामखोर ठरविण्याची गरज नाहीं. उलट, फर्मानाची सक्ति खरी होती व भय खरें होतें असें मानलें तरच वतनावर पाणी सोडण्याचें मोल कळतें.

हा प्रश्न जुना होऊन गेला असेंही नाहीं. जेधे शकावली १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं इंग्लंडांत सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. हिंदी लोकांस तो लागू नव्हता, तरी रंगरूट मिळविण्याची खटपट येथेंही जोरानें चालली होती. जून १९१८ मध्यें लॉर्ड विलिंग्डन यांनीं मुंबईस भरविलेल्या युद्धपरिषदेंत टिळकांनीं स्वराज्याचा प्रश्न काढतांच त्यांस अडविण्यांत आलें, व ते सभा सोडून गेले. सैन्यभरतीस त्यांचा विरोध नव्हता; शिपाई मागणाऱ्यानें त्याचे हक्कही मानावे, असा त्यांचा आग्रह होता. दोन्ही प्रसंग सारखे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु युद्धकाळीं लोकमत कां दुभंगतें हें समजण्यास हें उदाहरण उपयोगी आहे.

शेवटीं साधनांतील मोठी उणीव दाखविणें अवश्य आहे. करिन्यांत ठळकपणें दिसणारीं घराणीं रोहिड खोरें, हिरडस, गुंजण, मोसें, मुठें व पौड या बाजूंचीं आहेत. त्यापलीकडे उत्तरेस पवन, नाणे व आंदर हीं मावळें लागतात. लोणावळें, कामशेत, वडगांव हा हल्लीचा मावळ तालुका तो हाच. बोरघाटाची वाट याच मुलखांतून जाते. लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे येथील किल्ले १६६५ च्या पुरंदरच्या तहानें मोंगलांकडे गेले, व १६७० मध्यें परत घेतले गेले. पांच वर्षांत दोनदां धनी बदललेल्या या मुलखांतील पाटील, देशमुख व साधे हशम यांनीं काय केलें, याविषयीं करिना मुका आहे. साध्या मावळ्याचें नांव तर कोठेंच नाहीं. त्यास देशमुखानें बोलाविलें व तो गेला, एवढेंच आपण गृहीत धरतों.

हें गृहीत तपासण्याचें साधन ग्रंथांत नसून घरोघरच्या दप्तरांत आहे. संग्राहक सनदा व मोर्तबाचीं पत्रें अगत्यानें जमवितात. तंट्याचे महजर, वांटणीपत्रें, हजिऱ्या व चिठ्या मात्र किरकोळ म्हणून बाजूस पडतात. पराभूत पक्षाच्या घरचे कागद तर लाजेनें दडविले जातात. पवन, नाणे व आंदर मावळांतील ज्या गृहस्थांकडे असे रुमाल असतील त्यांनीं ते वाळवी व ओल यांच्या स्वाधीन न करतां नकलून घेऊं द्यावे. पूर्वज कोणत्या पक्षास होता याची लाज आज कोणीं बाळगण्याचें कारण नाहीं. एका घराच्या कागदांवरून सबंध मावळचें मत सांगण्याची वहिवाट असे कागद उजेडांत आल्यानेंच मोडेल.