सुदेकची खिडकी

योसेफ सुदेक (१८९६–१९७६) या चेक छायाचित्रकाराविषयीचे विवेचन बहुधा त्याच्या गमावलेल्या उजव्या हातापासून सुरू होते. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर तो हात गेला. शिकलेला पुस्तकबांधणीचा व्यवसाय सुटला आणि त्याने छायाचित्रण पत्करले. १९२६ साली चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर इटलीत गेला असता, सोबत्यांना मध्येच सोडून तो आपण जखमी झालो ती जागा शोधीत निघाला. कथा हृद्य आहे खरी. परंतु तिच्यामुळे छायाचित्रांचा अर्थ आधीच ठरून जातो आणि त्यांतील एकांत हा चरित्रातील दुःखाचा पुरावा मानला जातो. ‘माझ्या स्टुडिओची खिडकी’ ही १९४० ते १९५४ या काळातील मालिका अशा अर्थनिर्णयाला दाद देत नाही.

प्राग शहरातील एका अंगणात सुदेकचा लहानसा लाकडी स्टुडिओ होता. जर्मन अंमलाच्या काळात कॅमेरा घेऊन बाहेर हिंडणे अवघड झाले, तेव्हा तो खिडकीकडे वळला. पण १९४५ मध्ये तो अंमल संपल्यावरही खिडकी पुढे नऊ वर्षे सुटली नाही. तेव्हा सक्तीने मालिकेचा उगम सांगता येतो, तिचे स्वरूप नव्हे.

या चित्रांत पुष्कळदा काच धूसर असते. तिच्यावरून थेंब ओघळतात आणि अंगणातील वाकडे झाड त्यांच्यामागे विरघळते. मनुष्य कोठेही नाही. परंतु काचेवर साचलेले बाष्प हे आतल्या उबेचे आहे. खोलीत कोणी श्वास घेतो आहे म्हणूनच बाहेरचे दिसेनासे झाले आहे. एकटेपणाची इतकी संयत खूण छायाचित्रकलेत विरळाच. आणि तेच झाड, तीच चौकट वर्षानुवर्षे परत येत असल्यामुळे एका चित्रापुढे उभे असताना दुसरे आठवू लागते. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे मात्र पाहणाऱ्याला सांगता येत नाही. येथील स्मृती कोणत्याही एका चित्रात सापडत नाही, ती अशी चित्राचित्रांमध्ये घडते.

याच सुमारास, १९४० मध्ये, शार्त्र येथील एका शिल्पाचे १९०० च्या आसपासचे छायाचित्र पाहून सुदेकने प्रतिमा मोठी करणे सोडून दिले. निगेटिव्ह कागदावर टेकवून, तिच्याच आकाराची काँटॅक्ट प्रिंट तो काढू लागला. अशी प्रत डोळ्यांजवळ धरून एका वेळी एकानेच पाहावी लागते. करड्या छटांची जी दाट, ओलसर गर्दी तिच्यात आहे, ती वर्गातील पडद्यावर पहिल्याप्रथम नाहीशी होते. (ही चित्रे केवळ पडद्यावर पाहून त्यांना ‘अंधुक’ म्हणणारा अभिप्राय म्हणूनच फारसा ग्राह्य नाही.)

पुढील काळातील ‘चक्रव्यूह’ या मालिकेविषयी असे म्हणता येत नाही. स्टुडिओतील कागदांचे ढीग, दोऱ्या, साठत गेलेल्या वस्तू यांनी तेथील चौकट भरून जाते. प्रकाशावरील प्रभुत्व तेच. तथापि आठवणीच वस्तुरूपाने समोर रचून ठेवल्यामुळे पाहणाऱ्याला आठवण्याजोगे काही उरत नाही. खिडकीच्या चित्रांत त्याला निदान काच पुसून पाहावीशी वाटते.