एका निकालपत्राचा उत्तरार्ध
ऑल्गा टेलिस खटल्याचे १९८५ सालचे निकालपत्र केवळ वकिलांनीच वाचावे असे नाही. मुंबईच्या पदपथांवर संसार मांडलेल्यांची ती कथा आहे, आणि तिचे मूळ अमेरिकेत सापडते. जीवित हिरावण्यापूर्वी ‘योग्य’ न्यायप्रक्रिया हवी, असे तिथली घटना म्हणते. पण योग्य काय हे न्यायाधीशांनी ठरवावे की विधिमंडळाने, हा तिथल्या पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. १९४७ साली बेनेगल नरसिंग राव तिकडे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि आपल्या मसुद्यात नुसती ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ उरली. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोपविला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात ती ‘योग्यता’ मागल्या दाराने परत आली.

सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पूर्वार्धात केवढे धीट! उपजीविका हिरावणे म्हणजे जीवितच हिरावणे, असे ते सांगतात. उत्तरार्धात मात्र पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंतच, मुदत. १९७६ च्या गणतीत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती हटविण्याची पूर्वअट नव्हे. मरोळच्या आमच्या वर्गात झोपडीतून येणारी मुले बसतात. पूर्वार्ध त्यांना मी मोठ्याने वाचून दाखवीन. उत्तरार्धाला कादंबरीकार म्हणून माझी हरकत आहे: ज्या पात्रांसाठी कथा रचली, तीच शेवटच्या पानावर रस्त्यावरूनही उठविली जातात.