धड्यांची निवड आहे, वाचनाची आखणी नाही

राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीचं पुस्तक म्हणजे २०२० सालची ‘युवकभारती’. तिच्यातले गद्यपाठ एकदा ओळीनं वाचून पाहावेत. सुरुवातीला आर. के. नारायण यांची ज्योतिष्याची गोष्ट, मग ए. जी. गार्डिनर यांचा सौजन्यावरचा निबंध, त्यानंतर ओ. हेन्री. लगेच ‘बिग डेटा’वर माहितीपर पाठ, त्याला लागून व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘द न्यू ड्रेस’, पुढे किरण पुरंदरे यांचे जंगलातले अनुभव, पिको अय्यर यांचा प्रवासावरचा निबंध आणि शेवटी अच्युत गोडबोले. एकेक पाठ सुटा घेतला तर तक्रारीला फारशी जागा नाही. कवितांची निवड तर धीट आहे. बायरन, व्हिटमन आणि साउदी यांच्या शेजारी सरोजिनी नायडू, दिलीप चित्रे आणि अरुणाचलच्या ममंग दाई आहेत. पंचवीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याला असा पैस मिळाला नव्हता.

अडचण पाठांच्या क्रमात आहे. वुल्फ यांची कथा जवळजवळ सगळी मेबल नावाच्या बाईच्या मनात घडते. ती नवा पिवळा झगा घालून एका समारंभाला जाते आणि आपण इथे विजोड दिसतोय या जाणिवेनं आतून कुरतडली जाते. अशी कथा वाचायची तर निवेदकाचा आवाज कुठे थांबतो आणि पात्राच्या मनातलं बोलणं कुठे सुरू होतं, हे कानाला कळावं लागतं. ती सवय नववीत, दहावीत, अकरावीत कोणत्या पाठांनी लावली? या पाठाच्या आधी संगणकीय माहितीचे साठे आहेत, नंतर रानवाटा. मग शिक्षक करतात काय? कथेचा सारांश फळ्यावर लिहितात, मेबलच्या स्वभावाचे चार मुद्दे देतात आणि पुढे जातात. दोष त्यांना देऊन उपयोग नाही. पुस्तकानं निवड केली आहे, पण वाचकाला कुठून कुठे न्यायचं याची आखणी केलेली नाही.

नागपूर विभागीय मंडळाचा पसारा पाहिला की या आखणीची गरज आणखी ठळक होते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे या मंडळाखाली येतात. धरमपेठेतल्या मुलीच्या घरी इंग्रजी पुस्तकांचं कपाट असू शकतं. गडचिरोलीत घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला आधी मराठी आणि मग इंग्रजी असे दोन उंबरे ओलांडावे लागतात. दोघांच्या हातात बारावीला तेच पुस्तक आणि तीच कृतिपत्रिका येते. पायऱ्या नसल्या की घरून तयारी घेऊन आलेला पुढे जातो आणि बाकीचे पाठांतराकडे वळतात.

या अवस्थेला मोठा इतिहास आहे. इंग्रजी साहित्य हा शिकवायचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात रुजला, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात सविस्तर मांडलं आहे. नागपुरात त्याची पाळंमुळं हिस्लॉप कॉलेज (१८८३) आणि मॉरिस कॉलेज (१८८५) इथपर्यंत जातात. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं. तेव्हाचा इंग्रजीचा वर्ग मूठभरांसाठी होता आणि त्याची नैतिक शिकवण राज्यकर्त्यांच्या सोयीची होती. पण त्याच वर्गातून मराठीला मोठं काही मिळालं. कुसुमावती देशपांडे यांनी नागपुरात इंग्रजी साहित्य शिकवलं आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेणारी समीक्षाही लिहिली. १९६१ साली त्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. महेश एलकुंचवार याच शहरातल्या महाविद्यालयात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते. इंग्रजीतलं वाचन मराठीत मुरतं आणि मराठीचा कान इंग्रजीकडे परततो, ही देवाणघेवाण इथल्या शिक्षणाची खरी कमाई होती.

पुढे माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी खुलं झालं. राज्य मंडळ १९६६ साली अस्तित्वात आलं, बालभारती १९६७ साली. इंग्रजीला वळण देणारा निर्णय मात्र २००० सालचा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि ती पिढी २०१० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसली. इंग्रजी आता प्रत्येक मुलाचा हक्क झालं आणि तिथेच विषयाचा उद्देश बदलला. अर्ज, ई-मेल, मुलाखत, भाषण आणि सारांश यांना पुस्तकात मानाची जागा मिळाली. हे योग्यच होतं. ज्या घरात कोणी इंग्रजी बोललेलं नाही, तिथल्या मुलाला आधी भाषा हवी. पण भाषा शिकवण्याच्या या घाईत साहित्य हे उतारे पुरवणारं कोठार बनलं. कथा आली की तिच्याखाली क्रियापदांची रूपं, वाक्यपरिवर्तन आणि शब्दांच्या जोड्या. कथेतल्या माणसानं तसं का केलं, हा प्रश्न ‘स्वमत’ म्हणून शेवटी उरतो, तोही दोन गुणांपुरता.

एकाच शहरातले पंधरा वर्षांचे तीन विद्यार्थी आज तीन वेगवेगळी साहित्यं शिकत असतात. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातला विद्यार्थी ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ वाचतो. त्यात भाषाकौशल्यांना अग्रक्रम आहे. सीबीएसईच्या दहावीला अनेक वर्षं ‘फर्स्ट फ्लाइट’ आणि त्याच्या जोडीला ‘फूटप्रिंट्स विदाउट फीट’ हे पूरक वाचन राहिलं आहे. आयसीएसईमध्ये भाषा आणि साहित्य असे स्वतंत्र दोन पेपर असतात आणि शेक्सपिअरचं एक अख्खं नाटक अंक-प्रवेशांसह वाचावं लागतं. तिघांनाही पुढे त्याच प्रवेश परीक्षांच्या रांगेत उभं राहायचं आहे, पण एक संपूर्ण साहित्यकृती वाचून काढण्याचा अनुभव यातल्या बहुतेकांना शाळेकडून मिळत नाही. सीबीएसईनं काही वर्षं नववी ते बारावीला दीर्घ वाचनासाठी पूर्ण पुस्तकं नेमली होती. ‘थ्री मेन इन अ बोट’, ॲन फ्रँकची दैनंदिनी, हेलन केलर यांचं आत्मचरित्र, ‘द इनव्हिजिबल मॅन’ अशी ती यादी होती. ती प्रथा नंतर बंद झाली. जुन्या पिढीच्या आठवणीतलं ‘रॅपिड रीडर’ही असंच गेलं.

राज्य मंडळानं ही उणीव ओळखली होती, असं ‘युवकभारती’चा चौथा विभाग सांगतो. अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी हा साहित्यप्रकार म्हणून शिकवायचा, आधी त्याचा इतिहास सांगायचा आणि मग नमुने द्यायचे, ही कल्पना अलीकडच्या पाठ्यपुस्तकांतली सर्वांत महत्त्वाकांक्षी. अकरावीला लेडी ग्रेगरी, शेक्सपिअर आणि इब्सेन, बारावीला ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्न यांची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि कॉनन डॉयल यांची ‘द साइन ऑफ फोर’. बारावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत कादंबरीला १६ गुण आहेत, म्हणजे पाचवा हिस्सा. पण हाती येतो तो उतारा. कथानक, पात्रं, स्थळकाळ यांवरचे प्रश्न विद्यार्थी पूर्ण कादंबरी न उघडता सोडवतात. पातेल्यातली भाताची शितं दोन बोटांनी दाबून भात शिजला की नाही हे कळतं. तीन-चार पानांवरून कादंबरी कळत नाही, कारण तिचा अर्थ लांबीतच असतो. एखादं पात्र दोनशे पानांत कसं बदललं, हे पाहिल्याशिवाय ‘पात्रचित्रण’ हा शब्द पोकळ राहतो.

याच विभागात एक मोठी संधी न वापरता पडून आहे. नेमलेल्या तीन कादंबऱ्यांपैकी दोन हिंदुस्थानाशी जोडलेल्या आहेत. डॉयल यांच्या कादंबरीचं मूळ १८५७ च्या काळातल्या आग्र्याच्या खजिन्यात आहे आणि अंदमानच्या आदिवासीचं त्यातलं चित्रण उघड वंशद्वेषी आहे. व्हर्न यांचा फिलिअस फॉग रेल्वेनं खानदेश ओलांडतो, तेव्हा लेखक खिडकीबाहेर कापसाबरोबर लवंग, जायफळ आणि मिऱ्यांचे मळेही दाखवतो. जळगाव-भुसावळच्या मुलाला ही चूक सांगावी लागणार नाही. युरोपी लेखकानं न पाहिलेला आपला प्रदेश कसा रंगवला, वाचकाला तो का पटला, हा प्रश्न सतराव्या वर्षी पेलण्यासारखा आहे. तिसरी कादंबरी गयानातून आलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकाची, लंडनच्या ईस्ट एंडमधली. म्हणजे साम्राज्याकडे बाहेरून आणि आतून पाहणाऱ्या तीन नजरा एका विभागात शेजारी आहेत. हा धागा वर्गात उकलला तर तीन उताऱ्यांचा एक अभ्यास होईल. तसा तो आखलेला मात्र दिसत नाही.

नागपूरला तर असे धागे हाताशी आहेत. किपलिंग यांनी १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये मोगलीचं रान सिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या काठी बसवलं. सिवनी नागपूरहून सव्वाशे किलोमीटरवर, आणि तीच वैनगंगा खाली भंडाऱ्यात आपली होते. स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या सिवनीवरच्या १८७७ च्या पुस्तकाचा किपलिंगना आधार होता, असं मानलं जातं. पेंचला सहलीला गेलेल्या मुलांना या दोन पुस्तकांतली काही पानं आणि ‘युवकभारती’तले पुरंदरे एकत्र वाचायला दिले, तर जंगल कोण कुणासाठी लिहितो हा विषय आपोआप उभा राहील. इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’मधला डॉक्टर गावाच्या स्नानगृहांचं पाणी दूषित असल्याचं सांगतो आणि गावच त्याच्यावर उलटतं. ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं त्या नाग नदीचा नाला झालेला रोज पाहणाऱ्या वर्गात हे नाटक दूरचं वाटायचं कारण नाही.

कुमुद पावडे यांचं उदाहरण तर फारच जवळचं. दलित मुलगी संस्कृत शिकते, त्यात प्रावीण्य मिळवते आणि तरी शिकवण्याच्या नोकरीसाठी दार ठोठावत राहते, ही त्यांची कहाणी ‘अंतःस्फोट’मधून इंग्रजीत आली. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या १९९२ च्या ‘पॉयझन्ड ब्रेड’मध्ये ती आहे. भाषा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न इंग्रजीच्याच तासाला यावा यापेक्षा योग्य जागा कोणती? अकरावीच्या पुस्तकात डॉ. आंबेडकरांचा लोकशाहीवरचा पाठ आहे. त्याच्या पुढच्या पायरीवर पावडे यांचं लेखन सहज बसतं. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ (१९७६) मुळात इंग्रजीतच लिहिलेली. तिच्या दोन-चार कविता आणि चित्र्यांची बारावीतली कविता एका आठवड्यात वाचल्या, तर मराठी कवी इंग्रजीत वेगळा का बोलतो, हे मुलं स्वतःच सांगू लागतील.

स्थानिक म्हणून काहीही चालेल, असा याचा अर्थ नाही. केवळ जवळचं वाचून साहित्याचा पल्ला आखूड होतो आणि केवळ दूरचं वाचून ते परकं राहतं. बायरन काढून टाकण्याची गरज नाही. बायरनपर्यंत पोचायला आधी कोणती कविता हवी, हे ठरवण्याची गरज आहे.

परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही, हा आक्षेप खरा आहे. कवितेच्या रसग्रहणाला ४ गुण असतात आणि त्याचे मुद्दे आधीच ठरलेले: कवी, शीर्षक, आशय, अलंकार, भाषा, संदेश आणि शेवटी स्वतःचं मत. त्यामुळे गाइडमध्ये आणि ‘अपेक्षित’मध्ये ते मतही तयार मिळतं. इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या तयारीसाठी महाविद्यालयाचा वर्ग टाळून क्लासमध्ये दिवस काढणारी मुलं शहरात कमी नाहीत. त्यांच्यासाठी इंग्रजी हा शेवटच्या पंधरवड्यात उरकायचा पेपर. न पाहिलेली एक छोटी कविता देऊन तिच्यातला एखादाच शब्द किंवा एखादी प्रतिमा तिथे का आली असेल एवढं विचारलं, तरी तयार उत्तरांचा आधार सुटेल. तपासणीसांना त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागेल. ते अवघड आहे, अशक्य नाही.

वेळही आत्ताचीच आहे. एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयातल्या वेळापत्रकानुसार नवा अभ्यासक्रम नववी आणि अकरावीला २०२७-२८ मध्ये, दहावी आणि बारावीला २०२८-२९ मध्ये यायचा आहे. भाषाधोरणावरचा वाद तिसरी भाषा कोणती आणि कितवीपासून याभोवती फिरत राहिला. इंग्रजीच्या तासाला काय वाचायचं याची सार्वजनिक चर्चा जवळजवळ झालीच नाही. लेखकांची यादी जाहीर झाली की कोण आत आणि कोण बाहेर यावर दोन दिवस बातम्या येतील, आणि पुन्हा सहा-सात वर्षं शांतता.

म्हणून अभ्यास मंडळानं यादीच्या आधी चार वर्षांचा एक तक्ता मांडावा. नववीत गोष्ट कोण सांगतोय हे ओळखायचं आणि एक छोटं पुस्तक पूर्ण वाचायचं. दहावीत दोन लेखकांची एकाच विषयावरची भूमिका ताडून पाहायची. अकरावीत एक नाटक उताऱ्याविना, शक्य तर वर्गात उभं करून. बारावीत एक लघुकादंबरी आणि तिच्याबद्दल स्वतःचं, पुराव्यासह मांडलेलं मत. प्रत्येक पाठ या तक्त्यात कोणत्या कामासाठी आहे, हे शिक्षक-सूचनांत एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. ज्या पाठाबद्दल ती ओळ लिहिता येत नाही, तो कितीही थोर लेखकाचा असला तरी थांबू शकतो.

तोवर शिक्षकांचे हात अगदीच बांधलेले नाहीत. तोंडी परीक्षा आणि प्रकल्प मिळून २० गुण महाविद्यालयाच्याच हातात असतात आणि बहुतेक ठिकाणी ते वह्या पाहून वाटले जातात. त्यातले निम्मे गुण एका पूर्ण वाचलेल्या पुस्तकावरच्या दहा मिनिटांच्या बोलण्याला दिले, तर त्यासाठी पुण्याहून परवानगी आणावी लागत नाही. विभागातल्या काही महाविद्यालयांनी दोन वर्षं हे करून त्याची नोंद ठेवली, तर अभ्यास मंडळापुढे ठेवायला मतांपेक्षा भक्कम काहीतरी असेल.